पांढरी दोन

लालबागच्या त्या गल्लीत मिरची कांडणारे डंक सुरू झाले की पेटीचा सूर लावणं अशक्य. भिंती थरथरतात, टेबलावरचे स्क्रू नाचायला लागतात आणि तिखटानं नाक हुळहुळतं. म्हणून अपेक्षा घाडी सकाळी साडेसहालाच आपला गाळा उघडायची. साडेनऊपर्यंतचे तीन तास सुरांचे, बाकीचा दिवस भाते चिकटवण्याचा आणि पट्ट्या घासण्याचा. हे वेळापत्रक वडलांनी घालून दिलेलं. संपात गिरणी सुटल्यावर रघु घाडींनी भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली होती, आणि बघता बघता लालबाग-परळच्या बुवांमध्ये त्यांच्या कानाचा शब्द शेवटचा मानला जायला लागला. अपेक्षा कॉलेजपासून त्यांच्या शेजारी बसून शिकली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले आणि गाळ्यात ती एकटी उरली.

कामही निम्मंच उरलं. गणपतीच्या आधी दरवर्षी गाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. यंदा दोन पेट्या आल्या, त्यातली एक शेजारच्यांची. शामरावबुवांच्या मंडळाच्या तीन पेट्या होत्या, त्या गिरगावात कुणाकडे तरी गेल्या. बुवा वाईट बोलले नाहीत. उलट रस्त्यात थांबून म्हणाले, "तू हुशार हस गो अपेक्षा. पण रघुचो कान येगळो होतो. फुडच्या वर्षी बघूया." बुवांचं 'बघूया' म्हणजे काय, हे लालबागमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बुवा जिथं पेटी देतात तिथं बाकीची आठ-दहा मंडळं देतात, हेही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परळच्या मराठी चर्चमधून एक पेटी आली. बँकेत नोकरी करणारे दौलत साळवे चादरीत गुंडाळून टॅक्सीनं ती घेऊन आले. पेटी जुनी, एकेरी सुरांची, शंभरीकडे झुकलेली. वर्षभर चर्चमध्ये कीबोर्ड वाजायचा. ही पेटी नाताळात निघायची, तीही एका पाळण्यापुरती. येशूबाळाचा मराठी पाळणा. परळच्या बायका तो चार पिढ्या म्हणत आल्या होत्या आणि साथीला दुसरं वाद्य त्यांना चालत नसे.

"आजवर तुमचे बाबाच चर्चमध्ये यायचे पिशवी घेऊन," दौलत म्हणाले. "पण यंदा जरा मोठं काम आहे. एकवीस तारखेला दादरला कार्यक्रम आहे, जगभरचे नाताळपाळणे. गंधार विजयकर म्हणून आहेत, त्यांनी कुठंतरी आमचा पाळणा ऐकला आणि बोलावलं. सगळे गाणारे-वाजवणारे लोक येणार. पेटी जरा दिसायलाही बरी हवी."

अपेक्षाच्या मनात पहिल्यांदा बुवाच आले. दौलत गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत तिनं फोन लावला होता.

"बुवा, एकवीसला संध्याकाळी दादरला याल? माझ्या हातची पेटी वाजणार आहे."

"खयचा भजन?"

"भजन नाही, नाताळची गाणी."

"नाताळात माजा काय काम गो?"

"गाणी नका ऐकू. पेटी ऐका. मग काय ते सांगा."

पलीकडे कॅलेंडरचं पान फडफडलं. मग, "बरा. येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी खोलली. भाता सुटा केला, सुरांची फळी काढून उलटी केली आणि दिव्याखाली धरली. सूर देणाऱ्या पितळी रीड्स ओळीनं चमकत होत्या. वडलांनी प्रत्येकीवर वेळोवेळी हात फिरवल्याचं दिसत होतं. फक्त एका ठिकाणी, वरच्या सप्तकातल्या पांढऱ्या दोनच्या, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या रीडवर, नखाएवढा चामड्याचा तुकडा चिकटवलेला होता. त्याचे कोपरे तिरके कापलेले. चामडं असं कापण्याची सवय बाबांचीच. सरळ कोपरा आधी सुटतो, असं ते म्हणायचे. तुकड्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी चीर गेली होती. तिनं चिमट्यानं तो उचकटला. खालची पितळी जीभ हिरवी पडून जागच्या जागी चिकटून बसली होती.

अपेक्षाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. काय झालं असेल ते उघड दिसत होतं. रीड खराब झाली. इतक्या जुन्या मापाची रीड सहजी मिळत नाही, शोधावी लागते, मिळाली तर कानस मारून बसवावी लागते. ते न करता बाबांनी भोकावर चामडं डकवलं आणि एक पट्टी मुकी ठेवून पेटी परत दिली. चामडंही फाटलं, तेसुद्धा बदललं नाही. आणि चर्चच्या लोकांनी वर्षानुवर्षं विश्वासानं त्यांनाच बोलावलं.

तिनं ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. दौलतना विचारायचंही नाही. विचारलं तर वडलांचं उघडं पडेल. मोडीत काढलेल्या पेट्यांचे खण उपसून तिनं त्या मापाची एक रीड शोधली. दोन सकाळी तिच्यावर गेल्या. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो. इकडे एक हात, तिकडे एक हात, असं करत सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा मध्यावर येऊन निश्चल झाला. मग तिनं ती पट्टी दाबून डोळे मिटून ऐकली. सूर गोल होता, शेजारच्या सुरांना धरून होता. चामड्याचा तुकडा पितळेच्या किसाबरोबर केरात गेला. संध्याकाळी दौलत येऊन पेटी घेऊन गेले.

रात्री जेवताना आई म्हणाली, "इतकी गप कित्याक?"

"काही नाही ग. बाबांनी एका पेटीत काम अर्धवट सोडलं होतं. मी पुरं केलं."

आईचा वाढता हात थांबला. "तुझ्या बापाशीन? अर्धा जेवान टाकून उठताना बघितलंय मी त्यांका. काम टाकून उठताना नाय."

"मी डोळ्यांनी पाहिलंय, आई."

"मगे तुझ्या डोळ्यांक काय तरी झाला," आई म्हणाली आणि तिच्या पानात आमटी वाढली.

सोळा तारखेला, मंगळवारी दुपारी, दौलतचा फोन आला.

"ताई, पेटी बिघडलीय."

"काय झालं?"

"पांढरी दोन वाजतेय."

"वाजतेय म्हणजे? बेसूर वाजतेय?"

"नाही हो. वाजतेय." ते जरा घुटमळले. "तुम्ही संध्याकाळी तालमीला याच. लीलामावशी फार चिडल्यात."

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये कागदी चांदण्या चिकटवायचं काम चाललं होतं. खळीचा वास येत होता. एका कोपऱ्यात लाकडी पाळणा टांगलेला, त्याची दोरी हातात धरून लीलामावशी बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, परळच्याच एका इस्पितळात चाळीस वर्षं परिचारिका होत्या आणि अजून समोरच्याकडे ताप मोजल्यासारखं बघायच्या. त्यांच्याभोवती सहा बायका, दोघींच्या हातात टाळ.

"ही रघुभाऊंची मुलगी," दौलत म्हणाले.

"दिसतंय. कपाळ तेच आहे," लीलामावशी म्हणाल्या. "बस. ऐक आधी, मग बोल."

दौलतनी भाता हलवला. सहा मात्रांच्या ठेक्यात, झोक्याच्या चालीनं बायका गायला लागल्या.

"गोठ्यात आली रात पाहुणी,
गवताची केली गादी कुणी,
जो जो रे राया, जो जो..."

शेवटच्या 'जो'वर आवाज थांबले, दौलतचं बोट पांढऱ्या दोनवर गेलं आणि अपेक्षानं लावलेला सूर स्वच्छ, भरदार वाजला. सातही बायका दचकल्या. एकीचा टाळ चुकून खणकला. पुढची ओळ कुणी उचललीच नाही.

"परत," लीलामावशी म्हणाल्या. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

अपेक्षानं मोबाइलवरचा ट्यूनर काढून पुढं धरला. "मावशी, हे बघा. काटा अगदी मध्यावर आहे. सुरात काहीही खोट नाही."

"काटा बरोबर असेल ग बाई. पण इथं बाळाला झोप लागते, आणि तू नेमका त्याच्या कानाशी भोंगा वाजवलास."

"तोही गिरणीचा," वैदेही म्हणाली. ती त्यांच्यातली सगळ्यात तरुण, चाळिशीची. बायका हसल्या. अपेक्षाला हसू आलं नाही.

मग तिला समजावून सांगण्यात आलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'जो जो' झालं की एक आवर्तन, सहा मात्रा, कुणी गात नाही. पाळणा झोक्याच्या टोकाशी दोरीनं धरून ठेवायचा. पेटीतून फक्त वारा येतो, झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखा. दौलतचं बोट उठलं की पुढची ओळ. या सहा मात्रांवर एका पाळकसाहेबांनी नाताळचं अख्खं प्रवचन केलं होतं.

"मग ती पट्टी दाबूच नका ना," अपेक्षा म्हणाली. "हात उचलून धरा."

दौलतनी प्रयत्न केला. पहिल्या खेपेला बोट आपसूक गेलं आणि भोंगा वाजला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला, पण मग डावाही अडला, भाता थांबला, मात्रा चुकल्या आणि बायका दोन वेगवेगळ्या ठिकाणी उठल्या.

"तीस वर्षं ते बोट तिथं जातंय, ताई," ते कपाळ पुसत म्हणाले. "ते माझं थोडंच ऐकणार?"

"आणि नुसती शांतता नकोच आहे," लीलामावशी म्हणाल्या. "श्वास पाहिजे. श्वास नसलेलं बाळ मी ओळखते. ते नको." मग आवाज जरा खाली आणून, "तुझ्या बापानंही हेच करून ठेवलं होतं."

"काय?"

"हेच. ती रीड माझ्या जन्माआधी तुटली होती. माझी आई पेटी वाजवायची, पोरांना पाळणा शिकवायची. तिथं नुसता वारा यायचा, तर पोरं तिथं गप्प राहायला शिकली. त्या पोरांनी पुढच्यांना तसंच शिकवलं. मग अठ्ठ्याऐंशी साली आम्ही पहिल्यांदा रघुभाऊंना बोलावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी मन लावून नवी रीड बसवली. नाताळच्या उपासनेला मागच्या बाकावर येऊन बसले, आपलं काम ऐकायला. आणि आमचा पाळणा असा फसला की काय सांगू. आई रडली. सकाळी सातला हा माणूस दारात. म्हणाला, माझं चुकलं, विचारायला हवं होतं. मग चार संध्याकाळी इथं बसून, चामडं कापून कापून, त्यांनी तो श्वास परत आणला. नवीकोरी रीड आतमध्ये ठेवून."

 हिरवी पडलेली जीभ तिच्या डोळ्यांपुढं आली. रीड खराब झाली म्हणून चामडं लावलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं चामड्याखाली राहिली, म्हणून ती हिरवी पडली होती. तिनं आधीचं नंतर केलं होतं आणि नंतरचं आधी. ती चीरही फाटलेली नव्हती. ती कापलेली होती. ज्या माणसाच्या हाताखाली ती वीस वर्षं शिकली, त्याच्याबद्दल दोन मिनिटांत तिनं वाटेल ते ठरवून टाकलं होतं. आणि विचारलंही नव्हतं.

"तो तुकडा मी केरात टाकला, मावशी," ती म्हणाली.

"मग दुसरा लाव. चामड्याला काय तोटा?"

तोटा होता. दादरचं सभागृह, पेटीवर 'घाडी, लालबाग' अशी पितळी पाटी, आणि समोर बसलेले बुवा. प्रत्येक कडव्याला एक पट्टी दाबली जाणार आणि वाजणार नाही. बुवांचा कान तर सोडाच, कुणाही वाजवणाऱ्याला कळेल. पोरीला एक रीड बसवता आली नाही, हे सोमवारी सकाळपर्यंत लालबागभर होईल.

"काय झालं? तोंड का उतरलं?" वैदेहीनं विचारलं.

अपेक्षा असं कुणाला सांगणाऱ्यातली नव्हती. पण सगळ्या थांबल्या होत्या. तिनं सांगितलं, बुवा, तीन पेट्या, आपणच केलेला फोन. सांगून झाल्यावर तिला ते फार क्षुल्लक वाटलं आणि ती पेटीचे स्क्रू उगीच तपासायला लागली.

"मग वाजू दे की," वैदेही म्हणाली. "पाच दिवस आहेत. शिकू आपण. मूळ चाल तशीच असणार ना, त्या सुरासकट?"

"असणार," अपेक्षा म्हणाली. खोटं कसं सांगणार? पांढऱ्या दोनचा तो धैवत तिथं बसवलेलाच होता. त्याच्याशिवाय ओळ टेकत नव्हती.

लीलामावशींनी पाळण्याची दोरी दोन्ही हातांत घेतली. "पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे. चला ग. त्या सुरात गाऊ."

त्या गायल्या. जुन्या सवयी हट्टानं बाजूला ठेवून, सातही जणी एकमेकींकडे बघत, 'जो' लांबवून त्या धैवतावर गेल्या. पहिल्यांदा विस्कटलं. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा तर छान झालं. कुठल्याही स्पर्धेत बक्षीस मिळावं असं. दौलत खूश होऊन मान डोलावत होते. अपेक्षा लीलामावशींकडे बघत होती. त्यांचं तोंड बाकीच्यांसारखंच उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. दोरी कुठं थांबवायची ते त्यांच्या हाताला कळत नव्हतं; पाळणा एकदा पुढं गेला, मधेच अडला आणि वेडावाकडा हलत राहिला. कडवं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं हो. चांगलं झालं," आणि चष्मा पुसायला घेतला.

"मावशी, नको," अपेक्षा म्हणाली. "मी उद्या चामडं आणते."

"अगं, जमतंय की."

"जमतंय. पण नको."

"उगाच आमच्यासाठी..."

"तुमच्या आईंनी तुम्हाला या सुरात झोपवलं का?"

लीलामावशींनी तो ताप मोजणारा डोळा तिच्यावर लावला. "नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या तीन संध्याकाळी अपेक्षा परळच्या हॉलमध्ये फळी उलटी करून बसली. सूर लावायला काटा असतो, श्वास लावायला काही नव्हतं. मऊ चामडं घेऊन तिनं कोपरे तिरके कापले, रीडवर डकवलं, मध्ये चीर दिली आणि पेटी जोडून भाता हलवला. फुस्स.

"हा म्हातारा आहे," लीलामावशींनी निकाल दिला. "आणि घोरतोय."

चीर लहान केली.

"दमेकरी. रात्रीच्या ड्यूटीला असले चार असायचे."

"आता?"

"आता काहीच नाही. आता डॉक्टरला बोलवा."

बायका हसून हसून बेजार झाल्या. दौलत प्रत्येक वेळी इमानेइतबारे पट्टी दाबत होते. सतरा तुकडे वाया गेले. चीर जरा लांब झाली की वारा शिट्टी घालायचा, जरा आखूड झाली की गुदमरायचा. चामडं जाड असलं की वारा उशिरा सुटायचा. तिसऱ्या दिवशी अपेक्षानं चीर सरळ न देता किंचित कमानदार दिली, रीडच्या जिभेच्या बाजूनं. दौलतनी पट्टी दाबली.

लीलामावशींनी हात वर केला.  दौलतनी पट्टी सोडली आणि न सांगता परत दाबली.

"दोन दिवसांचं," त्या म्हणाल्या. "पोट भरलेलं. अर्धी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीय मी. राहू दे. आता हात लावू नकोस."

शनिवारी सकाळी अपेक्षानं बुवांना फोन लावला. येऊ नका असं सांगायला, की आधी सगळं समजावून सांगायला, हे तिचं तिलाच ठरत नव्हतं.

"उद्याचा विसरलंय नाय गो," बुवाच म्हणाले. "साडेपाचाक ना?"

"हो. साडेपाचला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दादरचं सभागृह भरलं होतं. बुवा पांढरा सदरा, टोपी, कपाळावर बुक्का अशा थाटात आले आणि तिसऱ्या रांगेत तिच्या शेजारी बसले. गंधार विजयकर निवेदन करत होते; प्रत्येक देशानं ते बाळ आपल्याच घरात जन्मल्यासारखं जोजवलंय, म्हणाले, कुठं मेंढीच्या लोकरीत, कुठं केळीच्या पानावर. गिरगावातल्या गोवेकरांनी मातीच्या मडक्याचं घुमट वाजवून कोकणी पाळणा म्हटला, तेव्हा बुवा खुलले. "ह्यो वाजप तर आमच्याच मुलखातलो गो!" अँटॉप हिलच्या वसाहतीतल्या मल्याळी बायकांनी टाळ्यांच्या तालावर गायलं. कॉलेजच्या मुलामुलींनी पोलंडचा एक पाळणा म्हटला आणि पाठोपाठ दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातला, ढोलकं घेऊन. भाषा एकही कळत नव्हती, पण अपेक्षा मनात मात्रा मोजत होती आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तीन किंवा सहाच येत होत्या. झोका सगळीकडे सारखाच लागत असणार. तिला एरवी हे बुवांना सांगावंसं वाटलं असतं. आज ती नुसती कार्यक्रमपत्रिका दुमडत बसली.

मग परळच्या सात बायका आल्या, पाळणा आला, दौलत पेटी घेऊन बसले. दिव्यात पितळी पाटी लखलखली.

बुवांनी टोपी नीट केली, डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. पहिल्या ओळीला त्यांनी मान हलवली. पेटी खरंच सुरेल बोलत होती. "जो जो रे राया, जो जो..." आणि दौलतचं बोट पांढऱ्या दोनवर गेलं.

मागे कुणीतरी गाणं संपलं समजून टाळ्या सुरू केल्या आणि ओशाळून थांबवल्या. बुवांची बोटं ठेका देत राहिली. डोळे मात्र उघडले होते. पुढची ओळ सुरू झाल्यावर ते कलले.

"पांढरी दोन मुकी हा गो."

"होय, बुवा."

"रीड गावली नाय तर माका सांगूचा होता. माझ्याकडे हत जुन्ये."

"रीड आहे. मीच बसवलीय, चांगली आहे. तिला गप्प केलंय."

"कित्याक?"

"बाबांनी केली होती. मला कळलं नाही, मी उघडली. गाणं मोडलं. म्हणून परत बंद केली."

बुवांनी तिच्याकडे मान वळवून पाहिलं. विश्वास बसला की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. दुसऱ्या कडव्याचं आवर्तनही आलं आणि गेलं. त्यांची बोटं गुडघ्यावर चालूच होती, कपाळावरच्या बुक्क्याला आठी पडली होती. अपेक्षाला आणखी पुष्कळ सांगता आलं असतं. ती मंचाकडे बघत राहिली.

तिसरं कडवं लीलामावशींनी एकटीनं म्हटलं. आवाज कापत होता, पण ओळ सुटत नव्हती. 'जो जो' झालं, दोरी ताणली गेली आणि पाळणा झोक्याच्या टोकाला जाऊन थांबला. सभागृहात पंखेही ऐकू येत होते. त्यात पेटीतून, पहिल्या रांगांपलीकडे जेमतेम पोचेल इतका, तो वारा आला.

बुवांची बोटं गुडघ्याच्या वर, हवेत थांबली. एक, दोन, तीन, अपेक्षा मोजत होती. सहाही मात्रा ती बोटं तशीच राहिली. दौलतचं बोट उठलं, सात बायकांनी ओळ उचलली, आणि बुवांचा हात त्यांच्याबरोबर समेवर खाली आला.